पाहणीचं पाणी

आमदार योगिताताईंनी विधानसभेत विचारलं होतं, सूर्यमाळजवळच्या पाड्यावर प्यायला पाणी नाही, हे खरे आहे काय? लेखी उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ तीन शब्दांत सरकारनं अख्ख्या पाड्याला खोटं पाडलं. ताई पहिल्यांदाच निवडून आलेल्या, वय तिशीच्या आत, त्यामुळे त्यांना अजून संताप येत असे. मुरलेल्या आमदारांचा अशा उत्तरानं चहासुद्धा गार होत नाही. ताईंनी मात्र पाणीपुरवठ्याचे उपअभियंता चुरी साहेब यांना प्रत्यक्ष पाहणीला बोलावलं. पाड्याला टँकर मिळणार की नाही, ते त्या पाहणीवर ठरणार होतं.

ताईंची तत्त्वं कडक. हार नको, शाल नको आणि दौऱ्यात प्लॅस्टिक तर मुळीच नको. मोखाड्यात त्यांनी गाड्यांतले बाटल्यांचे खोके उतरवून ठेवायला लावले आणि सांगितलं, "पाड्यावरचे लोक पितात तेच आपण पिऊ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सकाळची वेळ होती आणि तहान कुणालाच लागली नव्हती.

आमदार निघाले की मागे साहेब, कारकून, पोलीस, कार्यकर्ते आणि उगीचच आलेले असे सगळे निघतात. मे महिन्याच्या उन्हात घाट चढून ही वरात पाड्यावरच्या रखमीच्या अंगणात थांबली तेव्हा सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. दारी आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या द्यायचा, मग काय ते बोलायचं, ही तिथली रीत. रखमीनं ताईंना पाणी दिलं. ताईंनी तत्त्वाला जागून तांब्या रिकामा केला. मग साहेब प्याले, पोलीस प्याले, ड्रायव्हर प्याले. रखमीचा हंडा संपला तसा शेजारच्या ठकीनं आपला आणला, मग पुष्पलताची कळशी आली. एका जीपचं इंजिन तापलं होतं, तीही प्याली. ताई तोवर पाण्याच्या हक्कावर बोलत होत्या. बोलून घसा सुकला म्हणून त्यांनी आणखी एक तांब्या मागितला.

चुरी साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि कारकुनाला मजकूर सांगितला, "सर्व उपस्थितांना मुबलक पाणी मिळाले. टंचाई आढळली नाही."

ताई भडकल्या. पाड्याचं पाणी पिऊन पाड्यावरच उलटता, लाज कशी वाटत नाही, असं त्यांनी सर्वांदेखत विचारलं.

"मॅडम, मी डोळ्यांनी पाहिलं तेच सांगतोय," साहेब म्हणाले. "इथे गाडीसुद्धा पोटभर प्याली."

ताई मग रखमीकडे वळल्या. "मावशी, एवढ्यांना कशाला दिलंत? नाही म्हणायचं होतं."

आता रखमीचंही डोकं फिरलं. "दारी आल्या मानसाला पानी नाय दिला त आमी मानसां कशाची? तुमीच बोलल्या, लोकां पितात ताच आमी पिऊ. मंग लोकांनी काय पियाचा?"

ताईंना मोखाड्यात उतरवलेले खोके आठवले. आता त्यांना स्वतःचाच राग आला, आणि हा राग काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी ओढणी कमरेला खोचली, ड्रायव्हरांकडून गाड्यांच्या किल्ल्या गोळा केल्या आणि रिकामा हंडा उचलला. प्यालो तेवढं भरून दिल्याशिवाय कुणीही खाली उतरणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

विहीर खाली दरीत. तळाशी पाणी झिरपायचं, ते वाटीनं हंड्यात भरायचं आणि पुन्हा झिरपेपर्यंत वाट बघायची. एक कार्यकर्ता ताईंचा व्हिडिओ काढत होता, पण त्याच्या हातात वाटी आली तसा तो फोन ठेवून मुकाट्यानं कामाला लागला. चुरी साहेबांना हंडा डोक्यावर जमेना. त्यांनी तो खांद्यावर घेतला आणि वर येईपर्यंत निम्मा स्वतःच्या अंगावर सांडला. अंगणात पोचल्यावर ते ओट्यावर मटकन बसले.

रखमीनं त्याच हंड्यात तांब्या बुडवला आणि त्यांच्यापुढे धरला.

साहेबांनी तांब्याकडे पाहिलं, मग हंड्यात डोकावून पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "राहू दे. पुरायचं नाही."

मागून हंडा घेऊन आलेल्या ताई दारातच थांबल्या. "साहेब, एवढंच लिहा."

साहेबांनी मान हलवली. कारकुनाला आधीचा मजकूर खोडायला लावला आणि तीव्र टंचाई आहे, टँकर तातडीनं द्यावा, असं लिहायला सांगितलं. रखमीनं तांब्या खाली घेतला नव्हता.

"लिवा," ती म्हणाली, "पन पानी प्या पयला. दारी आल्यात तुमी."

साहेब प्याले. मग दुसरा रिकामा हंडा उचलून ते पुन्हा दरीकडे निघाले.