शेवटाचं सांगा

रायपुरातल्या आमच्या बूढापारा मोहल्ल्यात कुणी गेलं, की तिसऱ्या दिवशी सकाळी साळवेकाका भेटायला जात. पांढरा शर्ट, खिशात पेन, काखेत निळ्या पुठ्ठ्याची वही. पाचेक मिनिटं मान खाली घालून बसत आणि मग हळूच विचारत, "शेवटी काय बोलले?"

घरचे ताप कधी आला, डॉक्टर काय म्हणाले, असं सुरुवातीपासून सांगू लागत. काका हात वर करत. "बाकी राहू द्या. शेवटाचं सांगा." सांगितलेलं ते तिथंच, सगळ्यांदेखत, वहीत उतरवून घेत.

सॅम्युअल साळवे मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मूळ अमरावतीकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे लोणच्याच्या वाट्या इकडून तिकडे आणि बातम्या तिकडून इकडे. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, माझं ऑफिस नवा रायपूरच्या रिकाम्या रुंद रस्त्यांवर गेलं, पाऱ्यातली पोरं मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तरं देऊ लागली. काकांचा रविवार मात्र हलला नाही. चर्चमधल्या सकाळी सातच्या मराठी उपासनेला जेमतेम आठ-नऊ म्हातारे उरले होते, त्यात पहिल्या बाकावर हे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर पंधराव्या दिवशी वॉकर घेऊन हजर. पाळकसाहेब म्हणाले, मी घरी येऊन प्रार्थना करतो. काका म्हणाले, गार्ड घरी बसला तर गाडी सुटत नाही.

एवढा पक्का माणूस दुसऱ्यांच्या मरणात नाक का खुपसतो, याचा मला छडा लागेना. माझी बायको म्हणे, त्यांच्या धर्मात असेल काही. मला वाटे, पुस्तक लिहीत असतील. शेवटी एकदा ते चष्मा शोधायला आत गेले तेव्हा मी ती वही उघडली. चोरून वाचल्याची लाज वाटली, पण वाचायचं थांबलो नाही.

एक निवृत्त हेडमास्तर: "पंखा एकवर कर." एक मिठाईवाले: "चाशनी पतली है." सत्तर वर्षं माळ ओढलेल्या एक आजी: "दूध झाकलं का, मांजर येते." कोपऱ्यावरचे वकील देवाचं नाव घेत गेल्याची नोंद होती, पण पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'असं घरचे म्हणतात. धाकट्या सुनेला विचारणे.' आणि त्याखाली, 'विचारले. टीव्हीचा आवाज वाढव म्हणाले.'

या नादात काकांची एकदा चांगलीच फजिती झाली. जोशी आजोबांना दवाखान्यातून घरी आणलं. दारात चपलांचा ढीग, आत बायका डोळे पुसतायत. काकांनी तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता वही काढली आणि थोरल्या मुलाला नेहमीचा प्रश्न विचारला. तर आतल्या खोलीतून जोशी आजोबाच म्हणाले, "चहा ठेव म्हणून राहिलो केव्हाचा, कोणी आयकते का?" बायका डोळे पुसत होत्या त्या आजोबा वाचल्याच्या आनंदाने. काकांनी चहा घेतला, वहीतली ओळ खोडली आणि महिनाभर त्या गल्लीतून गेले नाहीत.

एका सुट्टीच्या दुपारी मी धीर करून विचारलंच. काकांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "रूथसाठी लिहून राहिलो."

रूथकाकू म्हणजे त्यांची बायको, जाऊन नऊ वर्षं झालेली. तीस वर्षं त्यांनी चर्चमधल्या मुलांना रविवारी शिकवलं. त्या मुलांसाठी त्यांनी स्वतःच तीन ओळींची संध्याकाळची प्रार्थना रचली होती आणि नवराबायको रोज दिवे लागले की ती म्हणत. देवा, आजचा दिवस तू दाखवला. चुकलं ते पदरात घे. माझा हात सुटला तरी तू सोडू नको. एवढीच.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात काका ती म्हणू लागले. काकूंनी दोन ओळी म्हटल्या आणि त्यांचा हात बाजूला सारला. "मले म्हणे, बस करा आता, मले नाही म्हणायचं," काका म्हणाले. "अन् घंटाभरात गेली. आमच्यात शेवटापर्यंत विश्वासात टिकून राहा लागते रे. ती टिकली का नाही, कोणाले विचारू?"

म्हणून ती वही. माणसं जन्मभर जे धरून ठेवतात तेच शेवटी बोलतात का, हे त्यांना बघायचं होतं. त्या माळवाल्या आजी दुधाचं बोलून गेल्या, म्हणून त्यांची माळ खोटी ठरली का, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर खरंच हवं होतं त्यांना. मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण चेहरा काही मोकळा झाला नाही.

मग कळलं, की काकू गेल्यापासून रोज संध्याकाळी ते तिसरी ओळ दोनदा म्हणतात, एकदा स्वतःची, एकदा काकूंची. पाळकसाहेबांनी समजावलं होतं, की आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. काकांनी त्यांनाही ऐकवलं होतं, "तिच्यासाठी नाही करून राहिलो. तिची राहिली ते पुरी करून राहिलो."

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "माझी राहिली तर तू म्हणशील? पोरगा बिलासपूरले आहे, पण त्याले सारं हिंदीतच येते."

मी म्हटलं, मी तुमच्यातला नाही, चालेल का?

"ओळ तर रूथची आहे," ते म्हणाले.

त्यानंतर आठ दिवस माझी तालीम चालली. बसमधून उतरलो, की त्यांच्या पायरीवर उभं राहून म्हणून दाखवायचं. तीन ओळींत त्यांनी इतक्या चुका काढल्या, की मी सरकारी टिपण वाचल्यासारखं म्हणतो, असंही ऐकून घ्यावं लागलं.

दोन वर्षांनी, जानेवारीत, त्यांच्या मुलाने मला दवाखान्यात बोलावून घेतलं. काकांच्या तोंडावर मास्क होता, डोळे मिटलेले. खिडकीबाहेर दिवे लागत होते. मी त्यांच्या कानाशी वाकून प्रार्थना सुरू केली. घाईत पहिलीवरून थेट तिसरीवर गेलो. काकांनी डोळे न उघडता दोन बोटं वर केली. मुलगा घाबरून म्हणाला, "क्या चाहिए पापा?" मला मात्र कळलं. दुसरी ओळ राहिली होती.

मी पहिल्यापासून म्हटलं. मास्कच्या आत त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीला ओठ थांबले. ती मी एकट्याने म्हटली, अगदी सावकाश, एकही शब्द न चुकता. मला रडू आवरेना.

मुलगा डॉक्टरांना बोलवायला धावला. मी उठणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं, की रूथकाकूंची आजची ओळ राहिली आहे. मी पुन्हा वाकलो आणि तीही म्हटली.