साठ कदमांवर

लग्नात मंगलाष्टके संपत आली की सारा मांडव अक्षतांसाठी हात उचलतो. आमचे शेजारी नागनाथअप्पा डावा डोळा मिटतात. उजव्या डोळ्याने ते नवरा-नवरीकडे असे रोखून पाहतात की, पाहुण्यांपैकी एखादा घाबरट माणूस खाली वाकतो. मग ते निकाल देतात. "साठ कदमांवर पटंल." क्वचित, "ह्यांचं लई लांब जाऊन पटंल, पर पटंल." आणि एकदा, नांदूरघाटच्या एका लग्नात, नवऱ्याच्या आईकडे बोट दाखवून, "नळ्या चांगल्या हायेत. मधली पाचर जाड हाय."

भर मांडवात अशी विधाने करणे ही बदनामी ठरू शकते, असे मी त्यांना लेखी कळवले होते. त्यांनी त्या पत्राने बंदुकीचे तेल पुसले.

मी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी पुस्तकांचे कपाट आले. लेखी शब्दाला किंमत असते, हे मी त्या कपाटापुढे शिकलो. ही समजूत चुकीची होती, असे आज माझे मत आहे; परंतु ते मी क्रमाने मांडतो.

नागनाथअप्पा बंदुका दुरुस्त करतात. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, कांद्याच्या भज्याला मासळीचा वास आला म्हणून ताट सोडून उठलेला हा माणूस. त्यांनी आयुष्यात मुंगी मारल्याचा पुरावा नाही. पण वाघ मारण्यासाठी ज्या जड दुनळी रायफली विलायतेहून आल्या, त्या सरळ करणारा या भागातला शेवटचा कारागीर हाच. शिकारीवर बंदी आली तेव्हा अप्पांनी म्हणे पेढे वाटले. "बरं झालं," ते म्हणाले, "आता नुसता नेम ऱ्हायला."

दोन नळ्या शेजारी समांतर बसवल्या की गोळ्याही समांतर जातील, अशी माझी कल्पना होती. अप्पांनी ती ऐकून माझ्याकडे फार दयेने पाहिले.

"सायेब, उजवी नळी उडली की बंदूक उजवीकडं झटका घेती. डावी उडली की डावीकडं. म्हणून दोघींची तोंडं एकमेकीकडं जराशी वळवून ठिवायची. इतकी, की डोळ्याला दिसूच नये. मंग झटका घेऊन बी दोन गोळ्या एकाच जागी जात्यात. पर किती वळवायचं, ते कागदावर निघत न्हाई."

"गणिताने निघेल की."

"गणिताला खांदा हाय का?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. शिकंज्यात आवळून उडवली तर बंदूक खोटे बोलते, असे त्यांचे म्हणणे. ती माणसाच्या खांद्यावरच खरे सांगते. म्हणून दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी, मधोमध, लोखंडाची एक लहान पाचर ठेवतात आणि ती कथलाने तात्पुरती झाळतात. मग साठ कदमांवर फळी उभी करायची, उजवी उडवायची, डावी उडवायची, आणि छिद्रे पाहायची. छिद्रे फाकली असतील, तर कथील वितळवून पाचर काढायची, कानशीने पातळ करायची, पुन्हा झाळायची. गोळ्या एकमेकींना ओलांडून गेल्या असतील, तर पाचर आत ठोकून नळ्या दूर करायच्या. हे पुन्हा पुन्हा, दोन्ही गोळ्या एका जागी येईपर्यंत. काडतुसातली दारू बदलली की सारे मुसळ केरात. एकेका बंदुकीला पंधरवडा लागे.

छिद्रे मात्र अप्पा स्वतः पाहत नसत. ते काम गंगाबाईंचे.

गंगाबाई म्हणजे अप्पांच्या पत्नी. नदीच्या कोरड्या पात्राकाठच्या मातीच्या बांधाखाली त्या खड्ड्यात बसत, मांडीवर चुन्याचे मडके घेऊन. दोन बार झाले आणि अप्पांनी बंदूक बिजागरीत मोडून नळ्या रिकाम्या असल्याचे दाखवले, की त्या वर येत, चुन्यात बुडवलेली बोटे दोन छिद्रांच्या मध्ये ठेवत आणि ओरडत: "चार बोटं!" परंतु आधी शिवीगाळ होई. "आवो, म्हैस जाईल हितून! डोळे घरी ठिवून आलाव का?" अप्पा मुकाट्याने कानस घेत. मग तीन बोटे, दोन, एक. प्रत्येक वेळी म्हशीऐवजी लहान जनावर. शेवटी छिद्रात छिद्र मिसळले, की त्या फक्त एवढेच म्हणत: "पटलं." फळीजवळ जाऊन खात्री करण्याचा विचारही अप्पांच्या मनात येत नसे. मी विचारले, तेव्हा म्हणाले, "तिनं म्हणलं ना."

या फळ्या ते घरी आणत आणि आमच्या दोन घरांमधल्या बोळात रचून ठेवत. बोळ सार्वजनिक आहे. मी दोनदा तोंडी सांगितले, मग नगरपालिकेला लेखी अर्ज दिला. त्याची प्रत माझ्याकडे आहे: "सदर फळ्या छिद्रयुक्त व चुन्याच्या डागांनी विद्रूप झालेल्या असून, पूर्णतः निरुपयोगी आहेत. सबब त्या तत्काळ हटवाव्यात." आठव्या दिवशी ट्रॅक्टर आला. माझ्या आयुष्यात तत्काळ अंमलबजावणी झालेले हे एकमेव पत्र. फळ्या एका हॉटेलाच्या भट्टीत गेल्या. अप्पा दारात उभे राहून बघत होते. मी नियम समजावून सांगू लागलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "कायदा हाय, सायेब." त्याच संध्याकाळी गंगाबाईंनी नेहमीप्रमाणे शेंगदाण्याची चटणी पाठवली. माझी कायदेशीर बाजू त्यांना पटली, असा मी त्याचा अर्थ लावला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तेलगावकडच्या एका म्हाताऱ्या जमीनदारांनी आपल्या आजोबांची दुनळी आणून दिली. नळ्यांमधली झाळ सुटली होती. अप्पांनी नळ्या वेगळ्या केल्या, घासल्या, पुन्हा जोडल्या. दोन वेळा बार काढून झाले होते. गंगाबाई "तीन बोटं"पर्यंत आल्या होत्या. आणि अप्पांचा परवाना नूतनीकरण होऊन परत आला.

त्यावर "दुरुस्ती" हा शब्द होता. "चाचणी" या शब्दावर लाल शाईची आडवी रेघ होती.

बंदूक दुरुस्त करावी. ती दुरुस्त झाली की नाही, हे पाहू नये. शिंप्याने कपडा शिवावा, अंगाला लावू नये. हा कोणाच्या डोक्यातून निघालेला विचार होता? ज्यांच्या कंबरेला पिस्तूल शोभेसाठी लटकते आणि वरातीत आकाशाला भोके पाडते, त्यांचे कागद परवाना कार्यालयाच्या खिडकीतून वाऱ्यासारखे सरकताना मी स्वतः पाहिले आहेत. कपाळाला भस्म लावून मातीच्या बांधावर नेम धरणाऱ्या म्हाताऱ्यापासून मात्र समाजाला धोका होता! त्या कार्यालयाचे नाव मी येथे लिहीत नाही. नाव घेण्याइतका त्याचा मान मी ठेवलेला नाही.

मी लिहिले. स्मरणपत्र लिहिले. स्मरणपत्राचे स्मरणपत्र लिहिले. माहितीचा अधिकार वापरला. उत्तर आले की, रेघ कोणी मारली, याची माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. अपील केले. सुनावणीस मी हजर होतो, अधिकारी नव्हते. एकदा खिडकीतल्या लिपिकाने विचारले, "आजोबा, तुमची हाय का बंदूक?"

"नाही."

"मग तुमी कावून भांडताय?"

"रेघेसाठी," मी म्हणालो. तो शेजारच्याकडे पाहून हसला.

मी मसुदा वाचून दाखवला, की अप्पा मान डोलवीत. गंगाबाई एकदा म्हणाल्या, "भाऊजी, तेवढी एक बंदूक हातून जाऊ द्या म्हणावं. अर्ध्यात ऱ्हायली, की ह्यांना जेवण जात न्हाई." पुढच्या स्मरणपत्रात मी हे "मानवतावादी आधार" म्हणून नमूद केले. उत्तर येण्यापूर्वी पोटाचे काही निघाले आणि पंधरा दिवसांत गंगाबाई गेल्या.

उत्तर त्यानंतर वर्षाने आले. एकवेळची परवानगी: एक दिवस, सकाळी दहा ते एक, सहा काडतुसे, एक पोलीस शिपाई, आणि एका जबाबदार नागरिकाने करावयाचा लेखी अहवाल. तोवर जमीनदारांनी आपला परवाना परत करायचे ठरवले होते. बंदूक आठवड्याभरात पोलीस ठाण्यात जमा होणार होती आणि तिथे ती निकामी केली जाणार होती.

"मग आता कशाला?" मी विचारले.

"मेलेल्या माणसाला बी आंघोळ घालत्यात का न्हाई?" अप्पा म्हणाले. "अर्धी कशी धाडू? तिनं तीन बोटावर सोडलीया."

जबाबदार नागरिक अर्थातच मी. ठरल्या दिवशी शिपाई लिंबाखाली बसून मोबाईलवर काहीतरी पाहून हसत होता. अप्पांनी दगडांच्या आडोशाला स्टोव्ह ठेवला. मिळालेल्या काडतुसांतली दारू निराळी होती, त्यामुळे आधीची तीन बोटे आता धरता येणार नव्हती. मी पोलादी पट्टी, वही आणि दोन पेने घेऊन गंगाबाईंच्या खड्ड्यात उतरलो. खड्डा मला आखूड पडला. गुडघे छातीला लागले.

उजवा बार. डावा बार. अप्पांनी बंदूक मोडून दाखवली. मी वर आलो, मोजले आणि स्पष्ट आवाजात सांगितले: "सहा पूर्णांक चार दशांश सेंटिमीटर! फाकल्या आहेत!"

"बोटात सांगा!"

"अंदाजे चार!"

"कुणाची?"

"माझी! आणखी कोणाची?"

अप्पा बंदूक खाली ठेवून साठ कदम चालत आले. त्यांना फळीजवळ आलेले मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला, जसे लोक बाजारात भेंडी पाहतात.

"तुमच्या बोटाचं मी काय करू, सायेब? तिचं एक बोट म्हंजे कानशीचे नऊ हात. मला दुसरा हिशेब येत न्हाई."

"त्यांचे बोट किती रुंद होते, ते सांगा. मी रूपांतर करतो."

"बायकोचं बोट कोण मोजून ठिवतं?" ते म्हणाले. मग फळीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता, "उठली होती की तिची बोटं. चुन्यात. समद्या फळ्यांवर. मोजून घेतली असती."

मी विचारणार होतो की, त्या फळ्या कुठे आहेत. तोंड उघडलेही होते.

अप्पांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. "कायदा हाय, सायेब," ते म्हणाले. त्या आवाजात टोमणा नव्हता. असता, तर मी त्याला उत्तर दिले असते.

ते परत गेले. अंदाजाने कानस मारली, झाळले, थंड होऊ दिले. दुसऱ्या जोडीला गोळ्या एकमेकींना ओलांडून गेल्या. "ओलांडल्यात," मी ओरडलो. किती, ते त्यांनी विचारले नाही. पाचर ठोकतानाचा हातोडीचा आवाज मला खड्ड्यात ऐकू येत होता: एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक.

शेवटची दोन काडतुसे. उजवा. डावा.

मी वर आलो. दोन छिद्रांच्या मध्ये माझी दोन बोटे सहज मावत होती, आणि तिसऱ्याला फार अडचण झाली नसती. साठ कदमांवर अप्पा बंदूक मोडून उभे होते, मान एका बाजूला कलती करून, कान माझ्याकडे.

नोकरीच्या काळात मी एकही खोटी नोंद केलेली नाही. मी पट्टी खिशात ठेवली.

"पटलं!"

अप्पांचा आवाज आला. "लई लवकर म्हणलाव, सायेब. ती आदी शिव्या द्यायची."

"मला शिव्या येत नाहीत, अप्पा."

"कावून? तीन वर्सं सरकारला लिवलं की!"

शिपायाने मोबाईलमधून मान वर केली. त्याच्यासमोर, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, चुन्याशिवायची बोटे फळीवर दाबून, मी सगळा जोर लावून ओरडलो: "आवो, म्हैस जाईल हितून! डोळे घरी ठिवून आलाव का?"

अप्पांनी डावा डोळा मिटला. मग उजवाही. "आता म्हणा," ते म्हणाले.

"पटलं," मी म्हणालो. या वेळी ओरडलो नाही. तरी त्यांना ते ऐकू गेले.

त्यांनी स्टोव्हला पंप मारला आणि पाचर होती तिथेच कायमची झाळून टाकली.

अहवाल मी त्याच दिवशी तीन प्रतींत पाठवला. "निष्कर्ष" या रकान्यात एकच शब्द लिहिला आहे आणि त्याखाली माझी सही आहे. फळी मी घरी आणली आहे. ती बोळात उभी आहे. कोणत्याही कार्यालयाकडून अद्याप हरकत आलेली नाही. आली, तर मी उत्तर देणार नाही.