ऑस्विनचा ठराव आणि सासूबाईंची बादली

त्या सप्टेंबरात ऑस्विन डॉड्सला तीन गोष्टी मिळवायच्या होत्या. पहिली, क्लबाच्या लीक-प्रदर्शनाचं पहिलं बक्षीस, म्हणजे पांढराशुभ्र फ्रीज. जूनपासून तो बारच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या कागदासकट उभा होता आणि ऑस्विन रोज एकदा त्याचं दार उघडून, आतला दिवा लागतो का ते पाहून, दार बंद करून घरी जात होता. दुसरी, भिंतीवरच्या फळ्यावर सोनेरी अक्षरात नाव. तिथे गेली चार वर्षं ओळीने मॅटी फेनविक बसला होता. आणि तिसरी, सासूबाईंच्या तोंडून एक 'बरं'. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. फ्रीज त्या मानाने सोपा होता.

लीक हा तसा कांद्याचा भाऊबंद. पण नॉर्थम्बरलंडच्या खाणींच्या गावात त्याला भाजी म्हणणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर प्रदर्शनात हरलेला. ऑस्विनच्या चरात या वर्षी एक जोडी अशी उतरली होती की बुंधा पोटरीएवढा आणि पानं शाळामास्तरच्या टायसारखी रुंद. तिला तो काय पाजतो हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. मॅवीसला एवढंच ठाऊक होतं, की घरातली काळी बियर नवरा न पिताच संपते.

अडचण सशांची होती. खाणीमागच्या उतारावर जमिनीचे चौदा तुकडे, प्रत्येकाची एकेक शेड, आणि सगळ्यांच्या पाल्यावर रोज पहाटे कोणीतरी हजेरी लावून जात होतं. हे ससे फेनविकच्या कुंपणातून येतात याबद्दल ऑस्विनच्या मनात शंका नव्हती. म्हणून जुलैच्या सभेत त्याने उभं राहून ठराव मांडला: ज्याच्या तुकड्यात सशाचं बीळ सापडेल, त्याचे लीक यंदा टेबलावर चढणार नाहीत आणि पुढच्या वर्षी त्याचा तुकडाही जाईल. ठराव चौदा विरुद्ध शून्य मतांनी पास झाला. फेनविकनेही हात वर केला, हे ऑस्विनला जरा खटकलं. घरी जाता जाता तो सहज आपल्या शेडमागे डोकावला.

तिथे बीळ होतं.

आता बंदूक आणावी तर आवाज. कुत्रा आणावा तर त्याहून जास्त आवाज. धूर करावा तर अख्खं गाव बादल्या घेऊन धावत येणार. गुपचूप होण्यासारखा एकच उपाय होता तो म्हणजे फेरेट. मुंगसाच्या अंगलटीचा हा प्राणी बिळात सोडायचा, बाहेर तोंडावर जाळी लावायची, ससे आपोआप पळत येऊन जाळीत पडतात. आणि गावातले सगळ्यात चांगले फेरेट होते हॅना स्टॉब्झ यांच्याकडे. म्हणजे सासूबाईंकडे.

"ऑगस्टात नको," सासूबाई म्हणाल्या.

"का हो आई?"

"आत पिल्लं असतात. फेरेट खातो. झोपतो. वर येत नाही."

सासूबाईंच्या हिशेबाने हे भाषण झालं. ऑस्विनने मात्र अर्धा तास बोलून त्यांना वळवलं. मजुरी ठरली एक लीक पुडिंग, म्हणजे पिठाच्या पारीत लीक भरून वाफवलेला तिखटमिठाचा गोळा, तोही त्याच्याच चरातल्या लीकचा.

"प्रदर्शन होऊ द्या आई, मग हवं तेवढं खा."

सासूबाईंनी मंगळवार ठरवला.

मंगळवारी सकाळी सगळे पाळीवर गेले. ऑस्विनची पाठ धरली होती, म्हणजे तसं त्याने कळवलं होतं. सासूबाई दोन पेट्या घेऊन आल्या. एकीत डचेस ही मादी, दुसरीत सार्जंट नावाचा दांडगा नर.

"बूट काढ."

"दव पडलंय, आई."

"खिळे वाजतात. काढ. आणि बोलू नकोस."

ऑस्विन मोज्यांवर उभा राहिला. न बोलता उभं राहणं ही त्याला खाणीतल्या कोणत्याही कामापेक्षा अवघड गोष्ट. त्याने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला. टोपी काढली, घातली. लीककडे पाहिलं, शेडकडे पाहिलं. डचेस आत जाऊन किती वेळ झाला हे विचारावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्यात जमिनीत धडधड झाली आणि एक जाडजूड ससा गोळीसारखा येऊन जाळीत अडकला.

"एक," ऑस्विन म्हणाला.

त्याला म्हणायचं नव्हतं. मोजायची सवय, निघून गेलं. पण बिळातले बाकीचे ससे त्या एका शब्दाने जागच्या जागी वळले, डचेसला आतच गाठायला मिळाले आणि जमीन एकदम गप्प झाली. दहा मिनिटं. अर्धा तास. सासूबाईंनी सार्जंटच्या गळ्यात दोर बांधला. दोराला हातभर अंतरावर एकेक गाठ होती. सार्जंट आत गेला, अकरावी गाठ आत गेली आणि दोर थांबला. सासूबाईंनी जमिनीला कान लावत लावत अकरा हात मोजले आणि एके ठिकाणी पाय ठेवला.

त्यांच्या पायाच्या डाव्या बाजूला ऑस्विनचा एक लीक होता. उजव्या बाजूला दुसरा.

"इथे खण."

"आई, परवा कमिटी येतेय. पानांवर शिक्का मारायला. त्याशिवाय लीक टेबलावर चढत नाही. बाजूने खणतो ना."

"बाजूने माती ढासळते. डचेस मरेल."

"मग ती आपण होऊन येईपर्यंत थांबू."

उजेड असेतो फेरेट जमिनीत सोडून घरी जाणं हे सासूबाईंच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी सार्जंटला दोराने मागे ओढून पेटीत घातलं, शेडमधली बादली उचलली, बिळाशेजारी पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. ऑस्विनने त्यांच्या काळ्या घागऱ्याचा घेर हलकेच ओढून बिळाच्या तोंडावर पसरला. सासूबाईंनी तो ओढूही दिला. बाई बसली की बसली.

पाळी सुटल्यावर फेनविक कुंपणापाशी आला.

"काय जावईबापू, घरात खुर्ची नाही वाटतं?"

"राखणीला बसल्यात. लीक कापून जातात लोक, ऐकलं नाहीस?"

"भरदिवसा?"

"भरदिवसाच माणूस बेसावध असतो, लेका."

फेनविकने सासूबाईंकडे पाहिलं. बादलीकडे पाहिलं. घागऱ्याच्या घेराकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आमची इझाबेल मावशी हल्ली घरीच असते," तो विचार करत म्हणाला.

बुधवारी सकाळी फेनविकच्या तुकड्यात इझाबेल मावशी बादलीवर बसलेली होती. ती बसल्यावर बादली दिसत नव्हती. दुपारपर्यंत तिसरी म्हातारी आली, मग चौथी, आणि संध्याकाळी उतारावर नऊ म्हाताऱ्या नऊ बादल्यांवर बसल्या होत्या. विणकाम आलं, थर्मास आले. कोणाच्या गुडघ्यात काय निघालं याची चर्चा तुकड्या-तुकड्यांवरून हाळी मारून सुरू झाली. एवढ्या गलक्यात डचेस कसली वर येते.

ऑस्विन अस्वस्थ होऊन या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत फिरत होता. शेवटी तो एकेकीपुढे जाऊन हात जोडू लागला. "हळू बोला हो मावशी. लीकना आवाज सोसत नाही."

हे त्याने सुचलं म्हणून सांगितलं. पण ज्याच्या चरात पोटरीएवढा लीक उभा आहे त्याच्या तोंडून असं काही निघालं की गाव ते हवेत सोडत नाही. तासाभरात बातमी झाली की डॉड्सचं गुपित बियर नसून शांतता आहे. पुरुष मोज्यांवर चालू लागले. म्हाताऱ्या खुणांनी बोलू लागल्या. एकाला खोकला आला तेव्हा तो पळत जाऊन रस्त्यावर खोकून परत आला. इतकी शांतता झाली की सशांनाही चैन पडली असावी.

डचेस आली नाही. अंधार पडू लागला तशा सासूबाई, कालच्यासारखीच डचेसची पेटी बिळाशी उघडी ठेवून, उठल्या.

"उद्या सातला येते. सार्जंटला आणते. मग खणायचं."

"दहाला कमिटी आहे, आई. कोणी विचारलं काय खणता, तर तुम्ही काय सांगाल?"

"खरं."

ऑस्विनने रात्रभर हिशेब केला. खणलं नाही तर सासूबाई कमिटीदेखत खणणार. लीकही जाणार आणि तुकडाही. आपण आधीच खणलं तर जाणार ते फक्त लीक. आता ही बेरीज झाल्यावर शहाणा माणूस सात वाजेपर्यंत थांबला असता. ऑस्विनला पाच वाजताच थांबवेना. उजाडल्या उजाडल्या त्याने चरात फावडं घातलं, ती जोडी तान्हं मूल उचलावं तशी मुळांसकट उचलून गोणपाटावर ठेवली आणि खाली हात घातला. सशाच्या लोकरीचं ऊबदार घरटं होतं. दोनचार हाडं होती. डचेस नव्हती. भुयार पुढे फेनविकच्या बाजूला गेलेलं होतं.

सातला सासूबाई आल्या. त्यांनी खड्डा पाहिला, लीक पाहिले, जावई पाहिला.

"डचेस कुठेय, सार्जंटला विचारलं होतंस?"

ऑस्विन काही बोलला नाही. या वेळी जमलं.

दहाला अध्यक्ष आर्चबोल्ड जांभळ्या शाईचा शिक्का आणि सभेची वही घेऊन आले. तेही चवड्यांवर चालत होते, मागे सगळे सभासद मोज्यांवर. फेनविकच्या चरापाशी ते शिक्का मारायला वाकले आणि त्या शांततेत इझाबेल मावशीच्या बुडाखालची बादली वाजली. टण. मावशीचा चेहरा हळूहळू बदलला. पुन्हा टण. मावशी ज्या वेगाने उठली तो गुडघ्यांच्या त्या सगळ्या चर्चेला खोटं पाडणारा होता. बादली कलंडली आणि खालच्या बिळातून डचेस बाहेर आली. पोट लोटक्यासारखं, डोळे अर्धे मिटलेले. तिने चारचौघांत जांभई दिली.

"बीळ," ऑस्विन म्हणाला. दोन दिवसांत त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "फेनविकच्या तुकड्यात. ठराव आहे, अध्यक्ष."

"ठराव आहे," आर्चबोल्ड नाइलाजाने म्हणाले. "मॅटी, काय म्हणणं आहे तुझं?"

"माझं म्हणणं, बाकीच्या बायकांनाही जरा उठू द्या."

एकही म्हातारी उठेना. एकही पुरुष तिला उठ म्हणेना. प्रत्येकजण आपापल्या मोज्यांकडे पाहू लागला. तेव्हा सासूबाई डचेसला खिशात घालून निघाल्या आणि एकेकीपुढे जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या की समोरची उठायची. मग त्या बादली पायाने कलती करायच्या. दुसरं बीळ. तिसरं. पाचवं. नववं मिळालं ते त्यांच्या स्वतःच्या बादलीशेजारी. जुलैतल्या त्या सभेनंतर घरी जाता जाता सहज शेडमागे डोकावणारा ऑस्विन एकटा नव्हता.

पहिल्या नंबरच्या तुकड्यात म्हातारी नव्हती, पालथी घातलेली हातगाडी होती. सासूबाई तिच्याकडे वळल्या. तो तुकडा आर्चबोल्डांचा होता.

"राहू द्या हॅनाबाई," आर्चबोल्ड घाईने म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. "मी तर आज एकही बीळ पाहिलेलं नाही. कोणी पाहिलंय?"

कोणीच पाहिलेलं नव्हतं. ऑस्विननेही नाही. शिक्के पडत पडत मंडळी त्याच्या चरापाशी आली. अध्यक्षांनी गोणपाटावरच्या त्या जोडीकडे पाहून टोपी काढली.

"जन्मात असे लीक पाहिले नाहीत, ऑस्विन."

"मग मारा शिक्का."

"मातीत उभ्या असलेल्या लीकवरच मारता येतो रे. नियम आहे."

"कोणी केला असला नियम?"

"तूच मांडलास. मागच्या वर्षीच्या सभेत. फेनविक बाहेरून लीक आणतो असा तुला संशय होता म्हणून."

तर हिशेब असा. फ्रीज फेनविककडे गेला आणि फळ्यावर त्याचं नाव पाचव्यांदा चढलं. उठायच्या घाईत इझाबेल मावशीचा एक मोजा फाटला. डचेस तीन दिवस मेजवानी झोडून पेटीत मावेनाशी झाली. सशांचा एक मोठा माणूस आणि काही पिल्लं गेली, बाकीचं कुटुंब उतारावर सुखात आहे. ठराव वहीत तसाच आहे, फक्त त्या पानावर शाई सांडली आहे. आणि या सगळ्यासाठी चरातून लीक गेले ते एकट्याचे.

मजुरी मात्र ठरल्याप्रमाणे चुकती झाली. रविवारी मॅवीसने त्या जोडीचं पुडिंग केलं, सोबत तो एक ससा. ऑस्विन घास मोजत होता. एकेका घासात फ्रीजचा एकेक कप्पा जात होता. सासूबाईंनी ताट स्वच्छ केलं, चमचा खाली ठेवला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

"बरं."

ऑस्विनने मान वर केली.

"बरं झालंय हं पुडिंग, मॅवीस," सासूबाई म्हणाल्या.