आदरार्थी चिल्ड्रन

सुमनला मुलगा झाला, तेव्हा तार करायचं काम तिच्या भावाकडे, म्हणजे गोरक्ष मास्तरांकडे आलं. सुमनचा नवरा मच्छिंद्र नागापूरच्या एका वर्कशॉपात फिटर होता. श्रीरामपूरहून त्याला तारेशिवाय लवकर कळवायचं कसं?

"काय लिवनार हाईस?" आई मुक्ताबाईने विचारलं.

"मूल झालं, दोघं सुखरूप."

"मूल झालं? म्हंजी काय, मांजरीला झालं का? तिच्या सासरचा पयला नातू हाय. जरा मानानं लिव."

गोरक्ष मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवत. इंग्रजीतही त्यांचा खरा जीव होता अनेकवचनावर. जिथे नुसता 'एस' लावून भागतं, अशा शब्दांकडे ते ढुंकूनही बघत नसत. फूट-फीट, टूथ-टीथ, ऑक्स-ऑक्सन असं ते वर्गाकडून इतक्या मोठ्याने घोकून घेत, की शाळेबाहेरच्या भाजीवाल्यांनाही ते पाठ झालं होतं. एकदा एका लग्नात त्यांनी ऐन मांडवात नवरदेवाला 'वाइफ'चं अनेकवचन विचारलं. तेव्हापासून लोक त्यांना लग्नाची पत्रिका देताना जरा विचार करत.

तार ऑफिसात गर्दी होती. मास्तरांनी 'चाइल्ड बॉर्न बोथ सेफ' असं लिहिलं आणि कागदाकडे पाहत राहिले. आईचं खोटं नव्हतं. मराठीत कसं, 'चिरंजीव झाले' म्हणता येतं. 'चाइल्ड' म्हणजे निव्वळ अरे-तुरे.

"काय अडलं, मास्तर?" खिडकीतला कारकून छगन म्हणाला.

"जरा मान द्यायचा होता रे."

"मग अनेकवचन करा की. चाइल्ड्स."

इथे मास्तरांचा तोल गेला. "चाइल्ड्स? छगन, चाइल्ड्स?" ते मागे वळले आणि रांगेलाच शिकवू लागले. मग सगळ्यांना दिसेल अशा ठसठशीत अक्षरात त्यांनी कागदावर 'चिल्ड्रन' लिहिलं. रांगेने माना डोलावल्या. इतक्या कौतुकाने लिहिलेला शब्द खोडायला काही त्यांचा हात धजेना. इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण जावई काय, समजून घेईल. शिवाय 'चिल्ड्रन' म्हटल्यावर पुढे 'बोथ' कानाला खटकत होतं. त्यांनी ते काढून 'ऑल' केलं. 'चिल्ड्रन बॉर्न ऑल सेफ.' आता वाक्य कसं डौलात उभं राहिलं!

तिकडे काय झालं, ते पुढे मच्छिंद्रनेच सांगितलं. तार आली म्हटल्यावर वर्कशॉपातली यंत्रं थांबली. तार म्हणजे कुणीतरी गेलं, हाच सगळ्यांचा अनुभव. मॅनेजरसाहेबांनी वाचलं आणि ओरडले, "मच्छिंद्र, लेका, मुलं झाली!"

"मुलं? म्हंजी जुळं?"

साहेबही व्याकरणाचे पक्के. "दोन असती तर 'बोथ' लिहिलं असतं. हे 'ऑल' म्हणतात. तुझा मेहुणा इंग्रजीचा मास्तर आहे ना? मग तीन तरी असणारच."

दोन दिवसांनी सुमनच्या माहेरच्या दारात टेम्पो थांबला. आत वर्कशॉपातल्या पोरांनी हौसेने वेल्डिंग करून दिलेले लोखंडी पाळणे, झबल्या-टोपड्यांचं गाठोडं आणि एक दुभती शेळी. एकट्या आईचं दूध तिघांना पुरायचं कसं, म्हणून मच्छिंद्रबरोबर त्याची आई रंगुबाई दुष्काळातही शेळी आणि तिच्यापुरता कडबा घेऊन आली होती.

ती थेट बाळंतिणीच्या खोलीत गेली. दुपट्यातलं बाळ पाहिलं, खाटेखाली वाकून पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं.

"बाकीची कुठं हायत?"

"कोन बाकीची?" मुक्ताबाईने विचारलं.

"लेकरं!"

मुक्ताबाई गप्प झाली. त्या गप्प होण्याचा रंगुबाईने एकच अर्थ लावला आणि खाली बसून हंबरडा फोडला. शेजारणी धावत आल्या आणि कशासाठी ते न विचारताच रडू लागल्या. सुमन दचकून उठली; आपल्याच बाळंतपणातलं काहीतरी आपल्यापासून लपवलं असं वाटून तिनेही गळा काढला.

नेमके तेव्हाच मास्तर शाळेतून सायकलवर आले. मच्छिंद्रने तार पुढे धरली. "मास्तर, ह्यातलं ऑल कुठं हाय?"

मास्तरांनी तार वाचली. "दाजी, एकच आहे. पहिल्यापासून एकच. ते... मानानं लिहिलं होतं. आदरार्थी बहुवचन."

"आसं इंग्रजीत आसतं?"

आयुष्यात इतका अवघड प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "नसतं," ते म्हणाले. इतकं आखूड उत्तरही त्यांनी कधी दिलं नव्हतं.

रंगुबाईने डोळे पुसले. "म्हंजी मेलं न्हाई कोन?"

"नाही मावशी. ती दोघं नव्हतीच."

"मंग मी रडले कुनासाठी?"

 टेम्पोतून उतरणाऱ्या पाळण्यांकडे पाहताना मास्तरांना वाटलं, व्याकरणाने इतकी माणसं रडवणारा मास्तर जिल्ह्यात दुसरा नसेल.

रंगुबाईने बाळ उचललं, त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि राग गिळला. पण मच्छिंद्रला भलतीच आठवण झाली. साहेब पेढे आणि फोटोवाला घेऊन उद्या इकडे यायला निघणार होते! दोघंही तसेच तार ऑफिसात धावले.

या वेळी मास्तरांनी एकवचन सोडायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी लिहिलं, 'ओन्ली वन चाइल्ड.'

"म्होरं 'ऑल सेफ' टाका की," मच्छिंद्र म्हणाला.

"ऑलचं नाव काढू नका!"

छगननेही कागद उलटसुलट पाहिला. चूक म्हणून सापडेना.

दुसऱ्या दिवशी उत्तराची तार आली. दोघांनी ती अंगणात, शेळीच्या आडोशाला उभं राहून वाचली. दोन बालकांच्या निधनाबद्दल सर्व कामगारांना तीव्र दुःख झालं होतं आणि दुखवटा म्हणून वर्कशॉप आज बंद ठेवलं होतं.

आत रंगुबाई बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. "तार कसली रं? काय वंगाळ तर न्हाई?"

मास्तरांनी घसा साफ केला. "नाही मावशी. वर्कशॉपवाल्यांना फार... फार वाटलं. आज त्यांनी सुट्टी दिलीय."

"एका लेकरापायी आख्खं वर्कशॉप बंद!" रंगुबाईचा तांब्या हातातच राहिला. "लई मोठ्या मनाची मान्सं!"

मच्छिंद्रने खुंटीवरचा सदरा काढला. नागापूरला बसने जाऊन साहेबांना समक्ष, तोंडाने आणि मराठीत सांगायचं त्याने ठरवलं होतं.

मास्तर स्टँडपर्यंत पोचवायला गेले. बस हलली तशी त्यांना राहवलं नाही. "दाजी, तुम्ही येताय म्हणून तार करू का?"

मच्छिंद्रने खिडकीतून बाहेर वाकून दोन्ही हात जोडले.