आप्पांची डावी कड

उद्यमनगरातले आमचे आप्पा न्हाव्याला मिशीत मनमानी करू देत नाहीत. खुर्चीत बसले की आधी नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवतात. "हितनं माप घे. दोन्हीकडं हितनंच. डावी बघून उजवी आन् उजवी बघून डावी कातरत बसलास, तर मिशीच ऱ्हाणार न्हाय." न्हावी तिथूनच माप घेतो.

माझी शेड आप्पांच्या शेडला लागून. ते पंपाच्या ओतीव पेट्या तासून त्यांना भोकं पाडतात. पेटीची एक कड आधी नीट तासायची आणि पुढची सगळी मापं तिच्यावरूनच घ्यायची, हा त्यांचा धर्म. त्या कडेला ते डेटम म्हणतात. कोणी "पोरगा लई उशिरा येतोय" अशी तक्रार केली, की आप्पा गंभीरपणे विचारतात, "कशावरनं धरून?" त्यांच्याशी गप्पा मारणं म्हणजे डोक्याला ताप. पण माणूस मला फार आवडतो.

असा माणूस गेल्या वर्षी घसरला. नव्या पंपाची पेटी गिऱ्हाइकानं आप्पांना दिली आणि झाकण त्यांच्या धाकट्या भावाला, शिरोलीच्या विलासला. कुठली कड धरायची ते ड्रॉइंगवर नव्हतं. एका फोननं भागलं असतं. पण वडिलांचा कारखाना वाटून घेताना दोघांचं बिनसलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. आप्पांनी डावी कड धरली, विलासनं उजवी. ओतकाम कधी जरा रुंद, कधी अरुंद, त्यामुळं दोन वेगळ्या कडांवरून पाडलेली भोकं समोरासमोर येईनात. नमुने जुळवायला घेतले, तर बोल्ट काही आत जाईना. आपापल्या जागी दोघांचीही मापं बरोबर होती. गिऱ्हाईक म्हणालं, लवकर जुळवा, नाहीतर काम दोघांकडूनही काढून घेतो.

मला वाटलं, आता आप्पा विलासच्या सात पिढ्या काढणार, त्या त्यांच्याही असल्या तरी. पण ते पेटी मांडीवर घेऊन माझ्या मोटारसायकलवर बसले आणि शिरोलीला चल म्हणाले.

त्यांना दारात बघून विलास उभाच राहिला. "दादा" म्हणाला आणि टेबलावरचे कागद बाजूला सारू लागला. आप्पांनी पेटी टेबलावर ठेवली.

"तुझी उजवी ऱ्हाऊ दे. माझं फिक्स्चर मी बदलतो."

फिक्स्चर म्हणजे पेटी पक्की धरून ठेवणारी चौकट. ती आप्पांनी जीव ओतून केली होती.

"तुझी डावी बी बरोबरच हाय की," विलास म्हणाला.

"व्हय. पर दोघांनी एकच धराय पायजे."

चहा आला. दोघं पेटीकडे बघत प्यायले. मला तिथं बसवेना.

परतताना मी विचारलं, तुम्हीच का बदललंत? आप्पा म्हणाले, "डावखुरा हाय त्यो, समदं माझ्या उलट्या बाजूनं धरतो. मीच शिकवलाय त्याला. उजवीच धरणार, ठाऊक हुतं मला. फोन मी कराय पायजे हुता." मला फार वाईट वाटलं.

नवी पेटी आणि झाकण जुळलं, बोल्ट बोटानं आत गेले. आप्पांनी ते बघितलं, हात पुसले आणि दुसऱ्याच एका कामाचं ड्रॉइंग उचललं. ते काम त्यांचं एकट्याचं होतं, विलासचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

"गाडी काढ," म्हणाले. "कुठली कड धरायची, त्याला इचारून येऊया."