समेवर फुटलेली सुपारी

सबंध सावद्यात गाण्यातलं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, जीवराम! हे मी नाही म्हणत, माझी सुपारी म्हणायची. कोणी काहीही गावो, नेमक्या समेवर माझ्या अडकित्त्यात सुपारी कट्‌कन फुटायची! भलेभले तबलजी चुकायचे, माझी सुपारी चुकायची नाही.

आता ही सवय जरा विचित्र आहे, कबूल. गाणं कानावर पडलं की मला भूक लागते, आणि प्रत्येक गाण्याची भूक वेगळी. भजनाला गूळ-शेंगदाणे. तमाशाच्या ढोलकीला हिरवी मिरची, तीही कच्ची. आणि गाणं खरोखर जिवाला लागलं, की पिकलेलं केळं हवं आणि त्या काळी त्याच्यासोबत ताजी फोडलेली सुपारीही! हसू नका. केळं मऊ, सुपारी कडक. आलाप आणि तान एकाच घासात! एकदा रुपचंदशेठकडे सत्यनारायणाच्या पूजेला फोनो लावला होता. रेकॉर्ड संपली तेव्हा भटजी चौरंगावर गणपती शोधत होते. गणपती म्हणून मांडलेली सुपारी माझ्या दाढेखाली होती.

तर सांगत होतो मगनचं. मगन माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. माझे वडील लवकर गेले, म्हणून मगनचे वडील तेच माझेही आबा. मगनचा सगळा जीव गोठ्यातल्या म्हशींत. त्या साली आबांनी त्याच्यासाठी धुळ्याची मुलगी पाहायचं ठरवलं. निघताना ओट्यावर उभं राहून त्यांनी फर्मान काढलं, ‘‘मगनले पसंत पडली तर ठीक. नाही पडली तर त्याच घरी जीवरामसाठी विचारू. एवढं लांब जाऊन हात हालवत यायचं नाही!’’

भुसावळला गाडी बदलली. आबांचा डोळा लागलेला पाहून मगन माझ्या कानाशी आला.

‘‘जीवराम, पोरगी गाते म्हने.’’

‘‘मग चांगलंच की!’’

‘‘कायचं चांगलं? घरात गानं सुरू झालं तर म्हशी पान्हा चोरतीन! मी तर नाहीच म्हननार बावा. मंग आबा तुह्यासाठी विचारतीन. कर तू मजा!’’

 गाणारी बायको! आणि तीही बसल्या जागी! मी फक्त गप्प बसायचं होतं. आमच्यात नवरामुलगा वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडत नाही. त्यानं भावाच्या कानात सांगायचं आणि भावानं पुढे कळवायचं. मगन माझ्या कानात ‘नाही’ म्हणणार, मी आबांकडे बघून मान हलवणार, खलास! खबरदारी म्हणून मी खिशातला अडकित्ताही काढून मगनकडे दिला. आज सुपारी नाही म्हणजे नाही!

मुलीचे वडील सुकदेव नाना कापसाच्या जिनात मुकादम होते, आणि भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. त्यांनी आम्हाला ओसरीवर सतरंजीवर बसवलं. आम्ही नेलेली केळ्यांची फणी त्यांनी कौतुकानं माझ्यासमोरच ठेवली. शेजारी एक ताट. त्यात हळद-कुंकू, एक सुपारी आणि पितळी अडकित्ता! दोन्हीकडून जमलं की वरपक्षातल्या माणसानं ती सुपारी फोडायची. ती फुटली की लग्न ठरलं. मग मोडलं, तर मुलीच्या नावाला कायमचा बट्टा. मी ते ताट पायानं हळूच लांब सरकवलं. नानांच्या बहिणीनं, भागाबाईंनी, ते तितक्याच हळूच पुन्हा जवळ आणलं.

मुलगी आली, प्रमिला तिचं नाव; नमस्कार करून बसली. नानांनी मृदंग पुढे ओढला आणि तिनं एक पद सुरू केलं.

काय सांगू तुम्हाला! आवाज असा स्वच्छ की मी पार विरघळलो. पहिल्या ओळीला मी हात मांडीखाली दाबून धरले. दुसऱ्या ओळीला एक हात सुटला आणि त्यानं केळं सोललं. केळ्यानं काय होतंय, मी मनाशी म्हटलं. पाहुण्यानं एखादं केळं खाल्लं तर आभाळ कोसळत नाही! अंतऱ्याला आवाज वर चढला, माझे डोळे मिटले, निम्मं केळं तोंडात गेलं. तेवढ्यात मगन कानाशी आला, ‘‘सांग आबाले, नाही म्हनून.’’ मी ऐकलंच नाही. तान उलगडत खाली येत होती, नाना मृदंगावर समेकडे निघाले होते, आणि...

कट्!

डोळे उघडले तेव्हा गाणं थांबलेलं. अर्धी सुपारी माझ्या हातात, अर्धी केळ्यासकट तोंडात. सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती.

‘‘फुटनी वं माय, सुपारी फुटनी!’’ भागाबाई ओरडल्या. ‘‘बठ्ठासले, साऱ्या गल्लीले साखर वाटा!’’

आबा चकित होऊन म्हणाले, ‘‘अरे, कानात सांगायचं सोडून थेट फोडलीच पोरानं! एवढी पसंत पडली का मगनले?’’

‘‘आबा, मी...’’ मगननं तोंड उघडलं. भागाबाईंनी त्यात मूठभर साखर कोंबली. मग त्याला फक्त खोकता आलं.

आता बोलायचं होतं ते मी! पण केळं घशात, सुपारी दाढेत. ‘‘अं... अं...’’ एवढंच निघालं. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. सुकदेव नानांनी मला कडकडून मिठी मारली. ‘‘भाऊ असावा तर असा!’’ ते म्हणाले, ‘‘भावाचं लग्न जमलं तर याच्या डोळ्यांतून पाणी आलं!’’

घास गिळून झाला तेव्हा बोलता आलं असतं. पण तोवर शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या आणि साखर गल्लीच्या टोकाला पोचली होती. चुकून फुटली म्हणालो असतो, तर त्या मुलीचं काय झालं असतं? मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि ओठांत हसत होती. मग तिनं मान खाली घातली. मी गप्प बसलो. गप्प बसायचंच ठरवून गेलो होतो ना, ते असं साधलं!

लग्न झालं. प्रमिला आमच्याच घरात आली, माझी वहिनी होऊन. मगन माणूस चांगला, तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. पण गाण्याला बंदी! मग एके दिवशी धार काढताना ती नकळत गुणगुणली आणि म्हशीनं नेहमीपेक्षा जास्त दूध दिलं. तेव्हापासून मगननं गाण्याला परवानगी दिली, पण फक्त गोठ्यात. संध्याकाळी मी काही ना काही निमित्त काढून तिकडे जातो. सुपारी त्या दिवशी सुटली ती सुटलीच. केळं मात्र अजून लागतं.

परवा असाच केळं सोलून गव्हाणीपाशी उभा होतो. वहिनी गाता गाता थांबली. धारेवरची नजर न हलवता म्हणाली, ‘‘भाऊजी, एक सांगू? रागावू नका.’’

‘‘बोला की, वहिनी.’’

‘‘त्या दिवशी सुपारी बरोब्बर समेवर फुटनी. मी मनात म्हनलं, या माणसाले गानं समजस.’’ ती जराशी हसली. ‘‘मले वाटनं, नवरदेव तुम्हीच!’’

 इतकी वर्षं मला वाटत होतं, नुकसान माझ्या एकट्याचं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं. पण अशा वेळी माझ्या तोंडून काय निघतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

‘‘अं...’’ मी म्हणालो.

वहिनीनं पुन्हा तेच पद धरलं, त्या दिवसाचं. माझे डोळे मिटले. आवाज चढला, तान उलगडत खाली आली, आणि शेजारच्या म्हशीनं मान लांब करून माझ्या हातातलं केळं ओढून नेलं. आणि खोटं कशाला सांगू, अगदी समेवर!