शुक्रवारचं कोरं कार्ड

सकाळी सहा पन्नासला चाकणच्या कंपनीच्या गेटवर रंगरावांनी पंचिंग मशीनच्या खाचेतून कार्ड ओढलं आणि लाल दिवा लागला. त्यांनी कार्ड बाहीला पुसून पुन्हा ओढलं. लाल. उलटं धरून ओढलं. लाल. मागं पहिल्या शिफ्टची रांग तुंबली होती. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "दादा, आज शुक्रवार आहे, तुमचं नाही चालायचं."

सलग तिसरा शुक्रवार होता. टाइम ऑफिसच्या खिडकीतून लक्ष्मणराव चष्म्यावरून बघत होते. कंपनीतल्या प्रत्येकाची हजेरी त्यांच्या हातून जात असे, आणि प्रत्येकाचं कार्डही तेच तयार करत.

"आणा इकडं," लक्ष्मणराव म्हणाले. "परत कोरं? गेल्या शुक्रवारीच नंबर लिवून दिलाय म्या."

"तुमचं मशीन बिघडलंय."

"मशीन आठशे मान्सांचं वाचतंय. तुमचंच तेवढं वाचत न्हाई, आन् त्येबी शुक्रवारीच. बुधवारी बरं वाचतंय. मंग गुरुवारच्या सुट्टीला ह्ये कार्ड जातंय कुठं?"

"माझ्याजवळच असतं."

"आन् तुमी कुठं असता?"

"आळंदीला," रंगराव म्हणाले, आणि ताडताड मशीन शॉपकडे निघून गेले.

आळंदीला ते आयुष्यात एकदाच गेले होते, मेहुण्याच्या लग्नाला. पण खरं ठिकाण सांगण्यापेक्षा त्यांनी काशीही सांगितली असती.

रंगराव सव्वीस वर्षं कंपनीत इन्स्पेक्शनला होते. मोटरचा शाफ्ट केसाच्या दहाव्या हिश्श्याने जाड निघाला तरी ते अख्खा ट्रे परत पाठवत. जग बहुतांशी चुकीच्या मापात बनलेलं आहे आणि ते दाखवून देण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं त्यांचं मत होतं. अशा माणसाचं मागच्या वर्षी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. कंपनीत त्यांनी 'हर्निया' सांगितलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतर एक नवीनच सुरू झालं. खोकला आला की दोन थेंब. शिंक आली की चमचाभर. जड ट्रे उचलला की किती, हे उंचीवर अवलंबून. रंगरावांना दुःख झालं नाही, राग आला. आपण कधी कुणाचा वाईट माल पास केला नाही आणि आपल्यालाच हे असं, ही उघड उघड बेशिस्त होती. चिखलीत घराखाली औषधांची तीन दुकानं असताना ते पॅड आणायला तळेगावला जात.

शेवटी सर्जनच म्हणाले, "ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. ती सैल पडलीये. कापाकापी काही नको. रावेतला जा."

रावेतच्या क्लिनिकमध्ये विजयश्री नावाच्या फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांनी एक साधी, जाड गादीची खुर्ची दाखवली. "हिच्यावर कपड्यांसकट बसायचं. सुई नाही, गोळी नाही. गादीखाली तारेचं वेटोळं आहे. त्यातून थांबून थांबून चुंबकीय लहरी येतात, तळाच्या स्नायूंच्या नसा जाग्या होतात आणि ते स्नायू आपोआप आवळतात, सुटतात. अर्धा तास. घरी व्यायामही करायचाय, नुसत्या खुर्चीच्या भरवशावर राहायचं नाही. धातूचं जे काही असेल ते ट्रेमध्ये काढून ठेवा."

ट्रे काउंटरवर होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. रंगरावांच्या कार्डावर कंपनीचं नाव होतं आणि फोटो होता. बाकावर बसलेल्या चौघांपैकी चाकणचा कोण असेल, सांगता येत नव्हतं.

"प्लॅस्टिक चालतं ना?" त्यांनी विचारलं.

"प्लॅस्टिकला काय होणार?" शर्टाच्या बटणाकडे बघत विजयश्री म्हणाल्या.

रंगरावांनी घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, पट्टा काढून ठेवला, कार्ड पॅन्टच्या मागच्या खिशात खोल दाबलं आणि त्याच्यावर बसले. कार्डाच्या पाठीवरची काळी पट्टी म्हणजे चुंबकाची भुकटी. तिच्यावरचा नंबर चुंबकानेच लिहितात आणि चुंबकानेच पुसतो. अर्धा तास लहरी येत राहिल्या. रंगरावांचे स्नायू जागे झाले आणि कार्ड झोपलं. असं तीन गुरुवार चाललं.

तिसऱ्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना हे उमगलं. गुरुवारी वेगळं काय असतं, असं स्वतःला विचारल्यावर उत्तर यायला डब्यातल्या भाकरीच्या दोन घासांचाही वेळ लागला नाही. पहिला राग त्यांना विजयश्रींचा आला, दुसरा कार्ड बनवणाऱ्याचा. तिसरा कुणाचा यायला हवा होता, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. पुढच्या गुरुवारपासून कार्ड घरी ठेवायचं आणि विषय संपवायचा, असं त्यांनी ठरवलं.

विषय संपायला तयार नव्हता. दुपारी शिपाई पाकीट घेऊन आला. हजेरी यंत्रणेशी छेडछाड केल्याचा आणि सुट्टीच्या दिवशी कार्डाची नक्कल करू दिल्याचा संशय आहे, तरी कारवाई का करू नये, याचं उत्तर तीन दिवसांत द्या.

"नक्कल?" रंगराव पुटपुटले. "मी? ज्यानं स्वतःच्या मुलाला कॉपी करताना पकडून दिलं?"

युनियनच्या कमिटीतल्या नागसेनने ते पत्र कॅन्टीनमध्ये उभं राहून वाचलं. नागसेन त्यांच्याच शॉपमध्ये होता आणि अन्याय म्हटला की त्याचा चहा गार व्हायचा.

"दर गुरुवारी आळंदीला जाणाऱ्या माणसावर संशय घेतात? दादा, तुम्ही काहीच बोलू नका. मी शोधून काढलंय."

"काय?" रंगरावांनी ताकाचा ग्लास खाली ठेवला.

"आपलं मॅग्नेट स्टेशन. मोटरचे मॅग्नेट चार्ज करतात तिथून तुम्ही दिवसातून वीस वेळा जाता. त्यानंच कार्ड पुसतंय."

"तिथं तीस जण काम करतात, नागसेन. त्यांची नाही पुसली."

"त्यांची शर्टाच्या खिशात असतात. तुमचं पॅन्टच्या मागं. मी बघितलंय."

माणूस इतका बरोबर असून इतका चुकीचा असू शकतो, हे रंगरावांनी पहिल्यांदाच पाहिलं. 'मग शुक्रवारीच का' हा प्रश्न त्यांच्या जिभेवर आला. त्यांनी तो ताकाबरोबर गिळला.

नागसेनने मॅनेजमेंटला पत्र दिलं. 'जे चुंबक कार्ड पुसतं ते कामगाराच्या शरीरातलं काय काय पुसत असेल?' या वाक्याने दोन तासांत पूर्ण प्लांट हलला. स्टेशन बंद झालं. बाहेरून एक माणूस मीटर घेऊन आला आणि दिवसभर मोजत बसला. स्टेशनपासून दोन हात लांब गेलं की मीटरचा आकडा शून्यापाशी येत होता. स्टेशन निर्दोष ठरलं, रंगरावांवर पुरावा नव्हता, मशीन ठीक होतं. मग उरलं काय, तर कार्डावर नंबर लिहिणारा माणूस. सोमवारी तसलंच पाकीट लक्ष्मणरावांना मिळालं.

लक्ष्मणराव जेवणाचं ताट घेऊन रंगरावांसमोर येऊन बसले. असं ते कधी बसत नसत.

"दीड वरीस ऱ्हायलंय माजं," ते म्हणाले. "आमच्या गावची जमीन कंपनीला गेली तवा ही नोकरी मिळाली. आजवर येक शेरा न्हाई. तुमी मापातलं मानूस हाय, खरं सांगा. म्या लिवताना चुकतोय व्हय?"

रंगरावांना वाटलं होतं, या क्षणी आपल्याला मजा येईल. तीन शुक्रवार या माणसाने त्यांना रांगेसमोर चोर केलं होतं. पण समोर चांगला माल 'रिजेक्ट'च्या पेटीत चालला होता आणि तो तिथं टाकणारे आपणच आहोत, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. हातातला घास त्यांनी डब्यात परत ठेवला. आणि त्याचाही त्यांना राग आला.

"चला," ते उठत म्हणाले. "नागसेनलाही बोलवा. एकदाच सांगणार आहे."

एचआरच्या अंजली मॅडम बत्तीस वर्षांच्या होत्या. रंगराव त्यांच्या टेबलासमोर शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसे उभे राहिले.

"कार्ड खुर्चीनं पुसलंय. रावेतला क्लिनिकमध्ये चुंबकाची खुर्ची आहे. मी दर गुरुवारी तिच्यावर बसतो. कार्ड मागच्या खिशात असतं."

"कशासाठी बसता?"

"उपचार."

"कशावर?"

रंगरावांनी भिंतीवरच्या सेफ्टीच्या तक्त्याकडे पाहिलं. "लघवी थांबत नाही म्हणून. खोकलो की होते. शिंकलो की होते. हर्निया कधी नव्हताच. लिहून घ्या, आणि या माणसाची नोटीस मागं घ्या."

नागसेनने हळूच विचारलं, "दादा, मग आळंदी?"

"एकदाच गेलोय. जेवण बरं नव्हतं."

अंजली मॅडम हसल्या नाहीत. ते त्यांना जड गेलं असावं. "तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या, "पण फाइलला नुसतं तोंडी चालत नाही. ट्रायल घ्यावी लागेल."

ट्रायल म्हटल्यावर रंगरावांच्या अंगात एकदम बळ आलं. "तीन नवीन कार्डं घ्या. एक ट्रेमध्ये, एक शर्टाच्या खिशात, एक मागच्या खिशात. आणि बसणारा मी नको. नाहीतर उद्या म्हणाल, यानंच काहीतरी केलं."

सगळ्यांनी नागसेनकडे पाहिलं. नागसेनच्या मांडीत अपघातानंतर बसवलेला रॉड होता. मग सगळ्यांनी लक्ष्मणरावांकडे पाहिलं.

"म्या?" लक्ष्मणराव म्हणाले. "मला कायबी झालेलं न्हाई."

गुरुवारी तिघं रावेतला पोचले. विजयश्रींनी साफ नकार दिला. "हे उपचाराचं साधन आहे. कार्डं तपासायला मी निरोगी माणसाला बसवणार नाही." पण नियम म्हणून त्यांनी लक्ष्मणरावांना आत नेऊन दार लावलं आणि पाच-सात प्रश्न विचारले. दार उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "यांना बसवायलाच हवं. खरं तर दोन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं."

लक्ष्मणराव कुणाच्याही नजरेला नजर न देता खुर्चीवर बसले.

"कसं वाटतंय?" थोड्या वेळाने नागसेनने दारातून विचारलं.

"आतून कुनीतरी मूठ आवळतंय, सोडतंय. तू बाहेर बस."

अर्धा तास झाला. शुक्रवारी सकाळी गेटवर तिन्ही कार्डं ओढली. ट्रेमधलं हिरवं, शर्टातलं हिरवं, मागच्या खिशातलं लाल. रंगरावांनी कंपनीच्या फॉर्मवर अहवाल लिहिला, आकृती काढली आणि 'बसणाऱ्याचे नाव' हा रकाना आपणहून कोरा सोडला. दोन्ही नोटिसा त्याच दुपारी मागं घेतल्या गेल्या. सुट्टी झाल्यावर नागसेनने त्यांचा हात धरला. "दादा, मॅडमसमोर असं बोलायला छाती लागते."

ही छाती घेऊन रंगराव घरी आले. कौशल्याबाई पोळ्या लाटत होत्या. रंगरावांनी ओट्याला टेकून सगळं पहिल्यापासून सांगितलं. मॅडमसमोरचा भाग दोनदा सांगितला.

"एक वर्ष," ते शेवटी म्हणाले. "एक वर्ष मी हे सोसलं. कुणाला पत्ता लागू दिला नाही. कामावर जायचं, ट्रे उचलायचे, हसायचं. काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत."

कौशल्याबाईंनी पोळी तव्यावर टाकली. "त्या खुर्चीवर बायकांना बसवतात का हो?"

"बसवतात की. निम्म्या बायकाच असतात तिथं. बाळंतपणानंतर म्हणे त्यांना..." रंगराव थांबले.

"सुजितच्या वेळेपासून," कौशल्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुमचं जे आहे तेच. शिंक आली की पाय आवळून उभी राहते मी. लई हसू येईल तिथं बसत नाही."

त्यांचा मुलगा सुजित एकतीस वर्षांचा होता. घरातून निघताना सगळे रिक्षात बसल्यावर ही पुन्हा एकदा आत जाते, यावर रंगराव एकतीस वर्षं रिक्षावाल्यांसमोर बोलत आले होते. त्यांना ती प्रत्येक रिक्षा आठवू लागली.

"मग सांगायचं नाही का?" ते सवयीने चिडून म्हणाले.

कौशल्याबाईंनी पुढची लाटी घेतली.

रंगरावांनी फोन काढून क्लिनिकला लावला. विजयश्रींनीच उचलला. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं. रंगरावांनी बायकोचं सांगितलं.

"तक्रार कधीपासून आहे?"

"एकतीस."

"एकतीस दिवस?"

"वर्षं."

विजयश्रींनी आकडा लिहून घेतला. "आणि एवढी वर्षं काय केलं त्यांनी?"

रंगरावांनी फोनवर हात ठेवला. "विचारतायत," ते ओट्याकडे बघत म्हणाले, "एवढी वर्षं काय केलंस तू."

कौशल्याबाईंनी पोळी उलटली. "सांगा," त्या म्हणाल्या, "डबे केले."